वाणसामानाचा आकडा कोणी ठरवला?

एका वाचक मैत्रिणीच्या पत्राचा सारांश असा: "घरात आम्ही पाच माणसे आहोत. आम्ही दोघे, चौदा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे. मी पूर्णवेळ नोकरी करते, आणि बाजारहाट व स्वयंपाक दोन्ही माझ्याकडेच आहेत. चार वर्षांपूर्वी आम्ही वाणसामानासाठी महिन्याची एक रक्कम ठरवली. तिचे चार सारखे भाग करून मी दर आठवड्याला एक भाग खर्च करते, तरीही महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत. तीस दिवसांच्या जेवणाचा तक्ता करून भिंतीवर लावला, तो दुसऱ्याच आठवड्यात कोलमडला. मुलगी त्यातल्या निम्म्या भाज्यांना हात लावत नाही. यजमान रागावत नाहीत, पण महिन्याच्या शेवटी बिलांची बेरीज करून 'एवढे कसे लागते?' असे विचारतात. पैसे वाचावेत म्हणून गेले काही महिने मी स्वतःपुरते दूध आणि फळे बंद केली आहेत आणि उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी मीच संपवते. उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांहून अधिक खर्च खाण्यावर होऊ नये, असे वाचले होते; आमचा होतो. माझ्यातच शिस्त कमी आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तुमच्यात शिस्त कमी नाही. नोकरी सांभाळून पाच माणसांचे रोजचे जेवण पाहणारी, दर आठवड्याचा खर्च बांधून घेणारी आणि पैसे नेमके कधी संपतात हे सांगू शकणारी व्यक्ती बेशिस्त असू शकत नाही. तुमचे पत्र वाचताना मला खटकले ते वेगळेच. ज्या आकड्याच्या आत राहण्यासाठी तुम्ही एवढी ओढाताण करता, त्या आकड्याविषयी तुम्ही एकदाही शंका घेतलेली नाही. आकडा बरोबर आहे आणि आपले चुकते आहे, हे तुम्ही धरूनच चालता. तपासणी तिथून सुरू व्हावी, असे मला वाटते.

आधी साधा हिशेब पाहू. रकमेचे चार भाग केले की अठ्ठावीस दिवसांची सोय होते. तीस दिवसांच्या महिन्यात दोन दिवस आणि एकतीस दिवसांच्या महिन्यात तीन दिवस कोणत्याही भागात बसत नाहीत, पण त्या दिवशीही घरात पाच माणसे जेवतात. वर्षाचे आठवडे ५२ असतात आणि तुमच्या पद्धतीने पैसे मिळतात ते ४८ आठवड्यांना. म्हणजे वर्षातले चार आठवडे तुमच्या अंदाजपत्रकात नाहीतच, आणि त्यांची भरपाई तुम्ही दर महिन्याच्या शेवटी थोडी थोडी करता. महिनाअखेरच्या ओढगस्तीचा एक भाग या भागाकारातून आलेला आहे. यापुढे महिन्याच्या रकमेला बाराने गुणून ५२ ने भागा आणि येईल तो आठवड्याचा वाटा धरा. तो तुमच्या आजच्या वाट्याहून सुमारे आठ टक्क्यांनी कमी निघेल. त्याने पैसे वाढणार नाहीत, हे खरे; पण आठवड्याला हातात खरोखर किती आहे हे पहिल्या आठवड्यातच कळेल.

आता चार वर्षांकडे वळू. रक्कम ठरली तेव्हा तुमचा मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची होती. चौदाव्या वर्षी मुले झपाट्याने वाढतात, आणि या वयातल्या मुलाची भूक बैठे काम करणाऱ्या मोठ्या माणसाइतकी किंवा त्याहूनही अधिक असू शकते. चार वर्षांत मुलांच्या चपला कितीदा बदलाव्या लागल्या याचे आपल्याला आश्चर्य वाटत नाही, मग ताटात पडणारे अन्न तेवढेच राहावे अशी अपेक्षा का असावी? त्यात भाव वाढले ते वेगळेच. म्हणून मागच्या तीन महिन्यांची बिले घेऊन बसा आणि प्रत्येक बिलातली खाण्याची वस्तू आणि बिनखाण्याची वस्तू वेगळी करा. साबण, कपड्यांची पावडर, दंतमंजन, केरसुणी हे सगळे बहुतेक घरांत किराण्याच्या नावाखाली जाते आणि जेवणावर खूप खर्च होतो अशी समजूत त्यातून तयार होते. पाहुण्यांचा आणि वाढदिवसांचा खर्चही निराळा काढा. एकदाच भरून ठेवायचे वर्षाचे सामान असेल, तर त्याची किंमत बारा महिन्यांवर वाटा; नाहीतर ज्या महिन्यात ते घेतले त्या महिन्यात तुम्ही उधळ्या ठराल आणि उरलेल्या अकरा महिन्यांत काटकसरी. यातून निघणारी तीन महिन्यांची सरासरी हा तुमचा आजचा खरा आकडा. कमी करायचे असेल तर ते त्या आकड्यातून करावे.

टक्केवारीची चिंता मात्र सोडून द्या. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांच्या जमाखर्चाच्या नोंदी अभ्यासून असे दाखवले की उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला खाण्यावर जाणारा हिस्सा मोठा असतो. खाण्याची गरज फार आकुंचित करता येत नाही, म्हणून असे होते. तेव्हा तुमच्या खर्चाची टक्केवारी मुख्यतः तुमचे उत्पन्न आणि घरातली माणसे यांच्याविषयी सांगते, गृहिणीच्या काटेकोरपणाविषयी तिच्यातून फारसे कळत नाही. दोन माणसांच्या घरासाठी सुचवलेला टक्का पाच माणसांच्या घराला लावून स्वतःला दोष देण्यात काहीच अर्थ नाही.

तुमच्या पत्रातले सर्वांत गंभीर वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात. पोटाला चिमटा घेऊन तुम्ही दूध आणि फळे बंद केलीत, आणि ही बचत घरात कोणाला दिसलेलीही नाही. जागतिक आरोग्य संघटना फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाण्याची शिफारस करते, आणि ती स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही लागू आहे. असे त्याग अनेक घरांत होतात. जी व्यक्ती वाढते ती आपल्या ताटात शेवटी काय उरले ते घेते, आणि रक्कम पुरली असे सर्वांना वाटते. खरे म्हणजे रक्कम पुरलेली नसते. ती कोणा एकाच्या तब्येतीतून भरून काढलेली असते. म्हणून मी पुढे जे सुचवणार आहे, त्याआधी तुमचे दूध आणि फळ यादीत परत लिहा. त्यामुळे आकडा वाढला तर वाढू द्या, कारण तो निदान खरा असेल.

आता बचतीकडे वळते. खर्च वाचवायचा म्हटले की आपली नजर दुकानाकडे जाते: कुठे स्वस्त मिळते, कशावर सूट आहे. परंतु बराच पैसा घरी आल्यानंतर वाया जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घराघरांतला होता. माणशी हिशेब केला तर घरगुती नासाडी वर्षाला सुमारे ७९ किलो भरते. तुमच्या घरात ती किती आहे, हे तुम्हीच मोजू शकता. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा आणि पुढचे दोन आठवडे जे जे टाकले जाईल ते तिथे लिहा, आणि शेजारी टाकण्याचे कारणही लिहा. कारण लिहिणे फार महत्त्वाचे आहे. "पालेभाजीची अर्धी जुडी, तळाच्या कप्प्यात काळी पडली, विसरले" या नोंदीचा उपाय वेगळा आणि "वाटीभर भात, मुलगा बाहेर खाऊन आला, कळवले नाही" या नोंदीचा उपाय वेगळा. पहिल्या ठिकाणी खरेदी किंवा ठेवण्याची जागा बदलावी लागेल. दुसऱ्या ठिकाणी मुलाने संध्याकाळी घरी एक निरोप देणे पुरेसे आहे. आणि हो, जे अन्न टाकायचे नाही म्हणून भूक नसताना तुम्ही खाता, तेही त्या कागदावर यायला हवे. ते अंदाजापेक्षा जास्त शिजवलेलेच अन्न आहे, मग ते कचऱ्याच्या डब्यात जावो किंवा तुमच्या पोटात.

दोन आठवड्यांच्या नोंदींतून बहुधा दोन-तीन वस्तू पुन्हा पुन्हा वर येतील. तेवढ्यांवरच काम करा, सगळे एकदम सुधारायला जाऊ नका. भाजी विसरून खराब होत असेल तर फ्रिजमध्ये डोळ्यांच्या पातळीवर एक उघडी टोपली ठेवून "आधी संपवायचे" ते सगळे त्यात ठेवावे. पालेभाज्या पिकलेल्या केळ्यांपासून आणि सफरचंदांपासून लांब ठेवाव्यात, कारण ही फळे पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने पाने लवकर पिवळी पडतात. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत, कारण उजेडात ते हिरवे पडतात.

खरेदीची यादी घरात फिरून करावी. दुकानात उभे राहून आठवत केलेली यादी हमखास महाग पडते. आधी डबे, मग फ्रिज, मग फळांची टोपली पाहावी, घरात असलेल्या वस्तूंतून किती जेवणे निघतात ते ठरवावे आणि मग कमी पडणाऱ्याच वस्तू लिहाव्यात. मोठे पाकीट स्वस्त पडते हा सर्वांचा समज आहे आणि धान्य, डाळी, साखर यांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा खराही असतो. मात्र एक उदाहरण पाहा. मोठे पाकीट वजनाच्या मानाने वीस टक्के स्वस्त आहे आणि त्यातला चौथा हिस्सा खराब होऊन टाकावा लागला, तर तुम्ही खरोखर खाल्लेल्या प्रत्येक शंभराच्या मालासाठी सुमारे १०७ मोजलेले असतात, म्हणजे लहान पाकीटच स्वस्त पडले असते. तयार पीठ, दळलेले मसाले आणि तेलकट बिया लवकर खवट होतात. अख्खे मसाले आणि कोरड्या डाळी टिकतात. त्यामुळे साठा करायचाच तर दुसऱ्या गटाचा करावा. आणि पाकिटावरच्या किमतीबरोबर त्यातले वजनही वाचावे. कित्येकदा किंमत तीच राहते आणि आतले वजन गुपचूप कमी झालेले असते, म्हणून किलोमागे किंवा लिटरमागे काय दर पडतो, एवढीच तुलना खरी.

तुमचा तीस दिवसांचा तक्ता का कोलमडला, याचा विचार केलात तर त्यातही तुमचा दोष दिसणार नाही. तीस दिवसांनंतर मंगळवारी संध्याकाळी आपण किती दमलेलो असू, कोण उशिरा येईल, बाजारात काय चांगले मिळेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. तक्ता आठवड्याचाच करावा, आणि सातही दिवस भरू नयेत. पाच रात्रींची जेवणे ठरवावीत, एक रात्र उरलेल्या अन्नासाठी आणि एक रात्र मोकळी ठेवावी. तक्त्यात पदार्थांच्या नावांऐवजी प्रकार लिहिले तर तो अधिक टिकतो: एका दिवशी डाळ आणि पालेभाजी, दुसऱ्या दिवशी कडधान्य, तिसऱ्या दिवशी अंडी किंवा घरात चालत असेल ते, चौथ्या दिवशी एकाच भांड्यात होणारे जेवण. मग बाजारात जी भाजी ताजी आणि स्वस्त असेल ती त्या प्रकारात बसवता येते. दिवसांचा क्रम भाज्यांच्या टिकण्यावरून ठरवावा. खरेदीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या, मग शेंगा, वांगी, टोमॅटो, आणि आठवड्याच्या शेवटी कोबी, गाजर, भोपळा, बटाटे. ज्या दिवशी तुम्ही कामावरून सर्वांत उशिरा येता, त्या दिवशी सर्वांत सोपे जेवण लिहा. नियोजनात हा निकष बहुतेक जण विसरतात, आणि बाहेरून मागवलेल्या महागड्या जेवणांचे मूळ फार वेळा अशाच एका दमलेल्या संध्याकाळीत असते.

एकदा शिजवून दोनदा वापरणे हा वेळ आणि इंधन दोन्ही वाचवणारा मार्ग आहे, पण त्यात पथ्य पाळावे लागते. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, आणि उकाडा फार असेल तर त्याहूनही लवकर आत ठेवावे. ते उथळ भांड्यांत पसरून निववले की लवकर थंड होते. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी असावे आणि त्यात ठेवलेले शिजवलेले अन्न तीन-चार दिवसांत संपवावे; त्याहून जास्त दिवस ठेवायचे असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. भाताच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी, कारण त्यात राहणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, भात बराच वेळ बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. कडधान्य मात्र जास्तीचे उकडून त्यातले निम्मे फ्रीझरमध्ये ठेवले की पुढच्या आठवड्याची एक संध्याकाळ सुटते.

मुलीसाठी वेगळा स्वयंपाक सुरू करू नका, आणि तिच्यावर जबरदस्तीही करू नका. मुलांना नवी भाजी पसंत पडायला ती पुन्हा पुन्हा समोर यावी लागते, कित्येकदा दहा-पंधरा वेळा. नावडत्या भाजीचा एकच चमचा तिच्या ताटात वाढा, बरोबर तिला आवडणारा एक तरी पदार्थ असू द्या, आणि चमचाभर तसाच राहिला तर राहू द्या. वाटीभर वाढून वाटीभर टाकण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि जेवण भांडणाशिवाय होते. आठवड्यातली एक भाजी तिलाच निवडू द्या. सासऱ्यांच्या जेवणाचा प्रश्न उलट बाजूने सोडवावा: त्यांचे निराळे करण्याऐवजी सगळ्यांचेच जेवण कमी मिठाचे करावे आणि ज्यांना हवे त्यांनी वरून घ्यावे. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, तेव्हा यात कोणाचे नुकसान नाही. लोणची, खारवलेले पदार्थ आणि तयार पाकिटांतले मसाले यांतले मीठ मात्र मोजायचे राहून जाते. सासऱ्यांना किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

यजमानांविषयी थोडे स्पष्ट लिहिते. त्यांचा प्रश्न वाईट हेतूचा आहे असे मला वाटत नाही. पण जो माणूस वर्षभरात एकदाही यादी करून भाजी घेऊन येत नाही, त्याला "एवढे कसे लागते?" याचे उत्तर कागदावरच्या बेरजेत सापडणार नाही, आणि तुम्ही कितीही समजावलेत तरी ते समर्थन केल्यासारखे वाटेल. म्हणून त्यांना समजावण्याऐवजी काम द्या. एका महिन्याची सगळी खरेदी त्यांनी करावी, तुम्ही केलेल्या यादीवरून नव्हे, त्यांनी स्वतः डबे आणि फ्रिज पाहून केलेल्या यादीवरून. घरात काय संपत आले आहे, कोणाला काय चालत नाही, उद्या डब्याला काय द्यायचे, हे सतत डोक्यात ठेवणे हेच या कामातले सर्वांत थकवणारे अंग आहे, आणि तयार यादी हातात दिली की ते तुमच्याकडेच राहते. पहिल्या आठवड्यात काही वस्तू राहतील, काही जास्त येतील. त्या वेळी यादी परत स्वतःकडे घेण्याचा मोह टाळा. चौदा वर्षांच्या मुलालाही आठवड्यातल्या एका रात्रीचे जेवण सोपवता येईल. सुरुवातीला कोणी तरी शेजारी उभे राहावे लागेल, एवढेच.

तीन महिन्यांनी दोघे मिळून बसा, नासाडीच्या नोंदी आणि नवी सरासरी समोर ठेवा आणि आकडा नव्याने ठरवा. यापुढे तो दर सहा महिन्यांनी पाहिला तरी चालेल, पण मुलांची वये आणि भाव बदलत असताना चार वर्षे तसाच ठेवू नये.

ज्यांचे उत्पन्न दर महिन्याला सारखे नसते, अशा वाचकांनी मासिक रक्कम सरासरीवरून ठरवू नये. सर्वांत कमी उत्पन्नाच्या महिन्यावरून ठरवावी आणि चांगल्या महिन्यात टिकाऊ धान्य व डाळी भरून घ्याव्यात. आणि काही घरांत हे सगळे करूनही खरा आकडा हातातल्या रकमेहून मोठाच निघेल. तसे झाले तर आधी तयार पाकिटे, गोड पेये आणि बाहेरचे खाणे कमी करावे, मग महागड्या प्रकारांच्या जागी त्याच गुणांचे स्वस्त प्रकार आणावेत. डाळी, दूध, अंडी, भाज्या आणि कोणाही एकाचे ताट यांना हात लावू नये. एवढ्यानेही तोंडमिळवणी झाली नाही, तर प्रश्न वाणसामानाचा राहिलेला नाही असे समजावे, आणि पुढच्या बैठकीत भाडे, कर्जाचे हप्ते आणि इतर बांधील खर्च समोर घ्यावेत, तेही दोघांनी मिळून.